काठीवरची ओली रेघ

चिपळूणला मामांच्या अंगणात एका सकाळी मी गाडीचं बोनेट उघडलं, डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही चांगलं दीड बोट वर चढलेलं होतं. गाडी घेऊन तोवर नऊ वर्षं झाली होती आणि ती काठी मी स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच बाहेर काढत होतो. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. परत पुसली, परत घातली. रेघ तिथेच.

आदल्या दिवशी पुण्याहून उंब्रज-पाटणच्या रस्त्याने निघालो होतो. वाटेत एका पंपावर पेट्रोल भरताना तिथला पोरगा म्हणाला, "काका, बोनेट उघडा, ऑइल बघून देतो." इंजिन नुकतंच बंद केलेलं. त्याने काठी काढली, पुसली, घाईघाईने आत सारली आणि बाहेर काढून टोकाशी लागलेला एवढासा ठिपका मला दाखवला. "बघा, काहीच नाही. पुढे घाट आहे." कुंभार्लीचा घाट डोळ्यांपुढे आला आणि माझं धाबं दणाणलं. लिटरची बाटली आली, फुटली आणि सगळीच्या सगळी आत गेली. पैसे देऊन मी वर त्याचे आभारही मानले.

मामांनी गल्लीतल्या मेस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी काठी उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, जेवून उठलेल्या माणसाला परत पंगतीत बसवलंत." मग त्यांनी सलाईनची एक नळी काठीच्या भोकातून आत सोडली, तिच्या दुसऱ्या टोकाला ५० मिलिलिटरची सिरिंज लावली आणि ऑइल उपसायला बसले. मी मोजत होतो. अठरा सिरिंजा. म्हणजे ९०० मिलिलिटर. विकत घेतलेल्या लिटरातलं जेमतेम १०० मिलिलिटर गाडीला हवं होतं, तेही असलं तर चाललं असतं इतपतच.

त्या पोराची लबाडी होती की नुसती घाई, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याने जे केलं, त्यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती. आणि ती चुकीची आहे हे मला कळलं नाही, हा दोष मात्र माझा.

काठी नेमकं काय मोजते, इथून सुरुवात करू. इंजिनाच्या पोटाखाली पत्र्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची एक खोलगट परात असते. पुस्तकात तिला संप म्हणतात, गॅरेजात चेंबर. खड्ड्यातल्या दगडावर आपटून गळायला लागतो तो हाच चेंबर. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल असतं. इंजिन बंद असताना ते या परातीत गोळा होतं. इंजिन चालू झालं की पंप ते एका जाळीतून ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि बेअरिंगांपासून थेट माथ्यावरच्या व्हॉल्व्हपर्यंत ढकलतो. तिथून ते ओघळत परत परातीत येतं. काठी मोजते ती या परातीतल्या ऑइलची उंची. पूर्ण इंजिनातलं ऑइल ती मोजत नाही. बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

आपल्याकडे जुन्या बैलगाडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. आसाला वंगण घातलं नाही तर चाक कुरकुरायचं आणि गावभर कळायचं की गाडीवान आळशी आहे. त्या वंगणात एरंडेल असे. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, आणि लंडनच्या चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने १९०९ साली ते मिसळून जे इंजिन ऑइल काढलं, त्याचं नाव त्यावरूनच कॅस्ट्रॉल पडलं. बैलगाडीच्या आसाशी मोटारीचं हे नातं मला फार आवडतं. फरक इतकाच, की बैलगाडी कुरकुरून सांगते. मोटारीचं इंजिन खडखडायला लागेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, सेकंदाला ५० वेळा फिरतो. तो आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसाहून कितीतरी पातळ थर असतो. सगळं काही ठीक असेल तर धातूला धातू लागतच नाही, क्रँक त्या थरावर तरंगत असतो. शिवाय ऑइल पिस्टनची उष्णता खाली घेऊन येतं, रिंगांची फट भरतं, काजळी धुतं आणि गंज धरू देत नाही. एवढी कामं अंगावर असलेल्या द्रवाची विचारपूस आपण वर्षातून एकदा, तीही सर्व्हिसिंगवाल्याच्या तोंडून करतो.

आता काठीकडे वळू. ती परातीतली उंची मोजते, म्हणून परात सपाट हवी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलाय, तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवली की लगेच घरंगळते. मी हीच परीक्षा करतो. बाटली जिथे जागची हलत नाही, तिथे गाडी लावायची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं, म्हणून पुढे-मागे उतार नाही एवढं पाहून भागत नाही. एका बाजूची चाकं गटाराच्या जाळीवर चढलेली असली तरी काठी खोटं बोलते.

दुसरं, ऑइल परातीत उतरायला वेळ द्यायचा. इंजिन बंद केल्याबरोबर पाहिलं तर बरंचसं ऑइल अजून वर, नळ्यांत आणि माथ्यावर असतं, आणि काठी कमी दाखवते. पंपावर मला "काहीच नाही" दिसलं, त्याचं निम्मं कारण हे. पाच मिनिटं थांबायचं, दहा थांबलात तर उत्तमच. इंजिन गरम असावं की गार, याबद्दल मात्र प्रत्येक कंपनीचं म्हणणं वेगळं. काही पुस्तिका सांगतात, गाडी चालवून इंजिन गरम करा, बंद करा, काही मिनिटं थांबा आणि पाहा. काही जणी गार इंजिनावर पाहायला सांगतात. यामागचं गणित सोपं आहे. तापलं की ऑइल फुगतं. तीन लिटर ऑइल ७० अंशांनी तापलं तर साधारण १५० मिलिलिटरने वाढतं. म्हणजे त्याच गाडीची काठी सकाळी गार असताना किंचित खाली आणि फेरी मारून आल्यावर किंचित वर दिसणार. यातलं काहीही चूक नाही. आज गरम आणि पुढच्या महिन्यात गार पाहून दोन आकडे शेजारी ठेवले, तर मात्र घोटाळा. तुमच्या गाडीची पुस्तिका काय म्हणते ते एकदा वाचा आणि मग कायम तसंच करा.

तिसरी गोष्ट पुसण्याची. गाडी चालताना ऑइल उडत असतं, काठीच्या नळीच्या भिंतींना लागतं. म्हणून पहिल्यांदा बाहेर आलेली काठी वाचायची नसते. तिच्यावर वरपर्यंत चोपडलेलं असतं, ते पुसायचं. पुसायला जुन्या धोतराचं किंवा बनियनचं धुतलेलं फडकं घ्यावं. गॅरेजातल्या सुताच्या गुंड्याचे धागे काठीला चिकटतात आणि तिच्याबरोबर आत जातात. पुसल्यावर काठी पूर्ण आत घालायची. तिच्या मुठीचं कडं, जे बहुधा पिवळं किंवा नारिंगी असतं, नळीच्या तोंडावर टेकलं पाहिजे. अर्धा इंच जरी बाहेर राहिली, तर वाचन अर्ध्या इंचाने कमी. पंपावर मला दिसलेल्या ठिपक्याचं उरलेलं निम्मं कारण हे. मग ओढायची, आणि टोक खाली ठेवून किंवा आडवी धरून वाचायची. टोक वर केलंत तर ऑइल मुठीकडे ओघळतं आणि गरीब गाडी श्रीमंत दिसायला लागते.

काठीवर दोन खुणा असतात. कुठे दोन भोकं, कुठे दोन खाचा, कुठे मधल्या भागावर जाळीदार नक्षी, कुठे ‘एफ’ आणि ‘एल’ ही अक्षरं. ओली रेघ या दोन खुणांच्या मध्ये असली की झालं. ती वरच्या खुणेला टेकलेलीच पाहिजे असं अजिबात नाही. पाऊण अंतरावर असलेली गाडी पूर्ण निरोगी आहे. काठीच्या दोन बाजूंना रेघ वेगवेगळ्या उंचीवर दिसली, तर खालची खरी धरा, कारण वरची बहुधा नळीला घासून लागलेली असते. नवं ऑइल मधासारखं असतं, काठीवर दिसता दिसत नाही. अशा वेळी काठी कोऱ्या कागदावर टेकवली की ओला भाग कुठे संपतो ते लगेच समजतं.

मधल्या अंतराची किंमत बहुतेक गाड्यांत पाऊण ते एक लिटर असते. माझ्या गाडीत ती ८०० मिलिलिटर आहे, म्हणजे पाव अंतराला २००. हा आकडा माहीत असला की किती ओतायचं याचा अंदाज अगोदरच येतो आणि पंपावरच्या लिटराचं हसू येतं.

ओतण्याची जागा वेगळी. काठीच्या नळीतून ओतायचं नसतं, त्यासाठी इंजिनाच्या माथ्यावर झाकण असतं, त्यावर तेलाच्या चिमणीसारखं चित्र असतं. हे सांगायची गरज नाही असं तुम्हाला वाटेल. पण कूलंटच्या टाकीत ऑइल ओतलेली गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि ती धुऊन काढायला लागलेलं बिलही. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसून घ्यावी, नाहीतर ती थेट आत जाते. नरसाळं स्वच्छ आणि कोरडं हवं. स्वयंपाकघरातलं आणू नये, आणलंच तर परत नेऊ नये. एका वेळी २०० मिलिलिटर ओतायचं, चार-पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा काठी पाहायची. बाटलीच्या कडेला मिलिलिटरची पट्टी असते, तिचा उपयोग याचसाठी. वरच्या खुणेच्या थोडं खालीच हात थांबवावा. कमी पडलं तर मिनिटभरात घालता येतं. जास्त झालेलं काढायला मेस्त्री आणि अठरा सिरिंजा लागतात.

जास्तीने एवढं काय बिघडतं, असं मीही विचारलं होतं. मेस्त्रींनी बोट गोल फिरवून दाखवलं. क्रँकचे जड लोलक परातीच्या वरच फिरत असतात. पातळी फार वाढली की ते ऑइलात बुडायला लागतात आणि रवीने ताक घुसळावं तसं घुसळतात. ऑइलाला फेस येतो. पंप मग ऑइलाबरोबर हवाही ओढतो आणि हवेवर क्रँक तरंगत नाही. इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून जादा ऑइल हवेच्या वाटेवर जातं, सिलिंडरात जळतं, निळसर धूर येतो. पुढे सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो, आणि तो फार महाग असतो. सील गळायला लागतात ते वेगळंच. खुणेच्या वर दोन-तीन मिलिमीटर झालं म्हणून कुणी झोप उडवून घेऊ नये. पण दीड बोट वर असताना गाडी सुरूच करू नका, असं मेस्त्रींनी बजावलं होतं, आणि आदल्या दिवशी मी तशीच ती घाटातून आणली होती.

कुठलं ऑइल, यावर चौकाचौकात तज्ज्ञ भेटतात. "आपल्याकडे उन्हाळा कडक, जाड ऑइल घाला," हा त्यांचा आवडता सल्ला. बाटलीवर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची प्रतवारी. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यातल्या सुरुवातीचा. ५डब्ल्यू ऑइलची सुरुवातीच्या वेळची परीक्षा उणे ३० अंशांना घेतात. नंतरचा ३० हा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. आता चिपळूणला कोण उणे ३० बघतंय, असा प्रश्न रास्तच आहे. पण जे ऑइल तिथे वाहू शकतं, ते आपल्या २० अंशांच्या सकाळीही चटकन वर पोचतं, आणि इंजिनाची मोठी झीज त्या सुरुवातीच्या काही क्षणांतच होते. राहिला उन्हाळा. बाहेर नागपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १०, गरम झालेल्या इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपासच राखत असतो. इंजिन आपला उन्हाळा सोबत घेऊनच हिंडतं. अलीकडच्या इंजिनांतल्या फटी, पंप आणि नळ्या पातळ ऑइल धरून आखलेल्या असतात. काही छोट्या पेट्रोल गाड्यांना तर ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं असतं. त्यात जुन्या सवयीने २०डब्ल्यू-४० ओतणं म्हणजे मलमलीच्या कापडाला गोणपाटाचं ठिगळ. तेव्हा ग्रेड पुस्तिकेतला, चौकातला नव्हे.

ग्रेडच्या जोडीला दर्जाचं अक्षर असतं. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआय या अमेरिकेतल्याच पेट्रोलियम संस्थेची ‘एस’ने सुरू होणारी जोडी, उदाहरणार्थ एसएन किंवा २०२० साली आलेली एसपी. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा, आणि नवा दर्जा बहुधा जुन्या गाडीला चालतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं जरा नाजूक आहे. धुरातली काजळी अडवणारा त्यांचा फिल्टर राखेने तुंबू नये म्हणून त्यांना कमी राख करणारं खास ऑइल लागतं. तिथे "हेही डिझेलचंच आहे" म्हणून काहीही ओतू नये. ब्रँड वेगळा असला तर? चालतो. एपीआयच्या दर्जाची ऑइलं एकमेकांत मिसळली पाहिजेत, ही चाचणीतलीच अट आहे. ग्रेड आणि दर्जा तोच ठेवा, ब्रँडवरून भांडू नका. अडचणीच्या वेळी नेमका ग्रेड मिळालाच नाही, तर जवळपासच्या ग्रेडचं पाव लिटर घालून पुढे जाणं हे खालच्या खुणेखाली गाडी हाकण्यापेक्षा केव्हाही बरं. आणि उरलेलं ऑइल मोटारसायकलला घालायचा मोह टाळा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. मोटारीच्या ऑइलात घसरण वाढवणारी द्रव्यं असतात, त्याने तो क्लच निसटायला लागतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, वर्षाला सर्व्हिसिंग होतंच की. माझंही नऊ वर्षं हेच म्हणणं होतं. चिपळूणहून परतल्यावर मी एक वही केली. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, त्याच फरशीवर, गार इंजिनावर (माझ्या गाडीची पुस्तिका तसं म्हणते) काठी बघायची आणि किलोमीटर लिहून शेजारी पाऊण, अर्धा, पाव अशी नोंद करायची. ४८,२१० किलोमीटरला पाऊण होतं. ५०,१९० ला अर्ध्यावर आलं. म्हणजे १,९८० किलोमीटरमध्ये २०० मिलिलिटर गेलं. हजारला साधारण १०० मिलिलिटर. हे खाणं अगदी किरकोळ आहे. काही गाड्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खर्च चालण्याजोगा म्हटलेला असतो.

पण आता हिशेब पुढे न्या. माझं सर्व्हिसिंग १०,००० किलोमीटरला. हजारला १०० मिलिलिटर म्हणजे दहा हजारांत एक लिटर. दोन खुणांमधलं अंतर ८०० मिलिलिटरचं. म्हणजे सर्व्हिसिंगच्या दिवशी वरच्या खुणेला टेकून निघालेली माझी धडधाकट, कुठेही न गळणारी गाडी पुढच्या सर्व्हिसिंगला खालच्या खुणेच्याही खाली पोचणार. हजारला अर्धा लिटर खाणाऱ्या, तरीही कंपनीच्या लेखी ठणठणीत असलेल्या गाडीचं तीन लिटर सहा हजारांतच संपेल. वहीत हे मांडल्यावर मी गप्प बसलो. बिघाड नसतानाही ऑइल संपतं, ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती.

म्हणून एका दिवसाची रेघ मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. दोन रेघांमधला फरक महत्त्वाचा. दर महिन्याला सारखंच थोडं थोडं उतरत असेल, तर ती गाडीची प्रकृती. एकाएकी दुप्पट उतरलं, तर शोध घ्या. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी काळा डाग असला तर गळती आहे, कुठे ते डागाच्या जागेवरून मेस्त्री सांगतील. पुठ्ठा कोरा आणि तरी ऑइल कमी, तर ते जळतंय. यात घाट मदतीला येतो. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असतो, सिलिंडरात मोठा निर्वात तयार होतो आणि व्हॉल्व्हचे सील झिजलेले असले तर ऑइल तिथून आत ओढलं जातं. पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळ्या धुराचा लोट. मागच्या गाडीतल्या माणसाला विचारा, त्याला तो दिसलेला असतो.

पातळी वाढली तर? ऑइल आपोआप वाढत नाही, तेव्हा आत दुसरं काहीतरी मिसळतंय. डिझेल गाडीतला काजळीचा फिल्टर स्वतःला तापवून साफ करतो, त्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं. शहरातल्या शहरात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलात उतरतं. काठीला डिझेलचा वास येतो, रेघ वर सरकते आणि ऑइल पातळ होतं. अशी वाढ ही घट होण्याइतकीच वाईट, किंबहुना जास्त फसवी. काठीवर दुधाळ चहासारखं काही दिसलं तर कूलंट ऑइलात शिरलंय, गाडी चालवू नका. पावसाळ्यात नुसत्या जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली मात्र थोडी पिवळट साय धरते. ती बाष्पाची. काठी स्वच्छ असेल तर एखादी लांबची चक्कर मारली की ती जाते. काळ्या रंगाला उगाच घाबरू नये. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, आणि डिझेलमध्ये तर बदललेलं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं.

डॅशबोर्डवरच्या चिमणीच्या लाल दिव्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ऑइल कमी झालं की दिवा लागेल, तेव्हा बघू. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. दाब जवळजवळ नाहीसा झाला तरच तो लागतो. ऑइल फार कमी असलं की घाटातल्या वळणावर ते परातीच्या एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि दिवा क्षणभर मिचकावून विझतो. गाडी सरळ झाली की सगळं पुन्हा छान. पुष्कळ लोक याला वायरिंगचा घोळ समजतात. तो मिचकावला तर जागा बघून बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि काठी पाहा. लागून राहिला, तर पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हणायचं नाही. टोइंगचे पैसे इंजिन जाम झाल्यावर निघणाऱ्या कामाच्या मानाने चिल्लर आहेत. काही गाड्यांत पातळीचा वेगळा पिवळा दिवा असतो. काही जर्मन गाड्यांना तर काठीच ठेवलेली नाही, पडदाच सगळं सांगतो. त्यांच्या मालकांनी हे प्रकरण मनोरंजन म्हणून वाचावं. विजेच्या गाडीवाल्यांनीही.

बाटली घेताना झाकणाचं सील पाहावं आणि रिकामी झाल्यावर तिला सुरीने भोक पाडूनच टाकावी. मोकळ्या ब्रँडेड बाटल्यांत काय भरून परत विकलं जाईल, याचा नेम नाही. ऑइलचं फडकं गटारात टाकू नका. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं.

गणपतीला, मे महिन्यात किंवा लग्नाला गावी निघणार असाल, तर काठी निघायच्या दिवशी नको, दोन दिवस आधी पाहा. पहाटे पाचला कमी निघालं, तर तुमच्या ग्रेडची बाटली तेव्हा कुठल्याच दुकानात मिळणार नाही. अर्धी बाटली सील करून डिकीत टाका. आणि वाटेत पंपावर कुणी "काका, बोनेट उघडा" म्हणालं, तर हसून सांगा, परवाच पाहिलंय, पाऊण आहे.